विजापूरचा गोलघुमट: चढायचं कधी आणि ऐकायचं कसं?

पाचोरेकरीण
दिवाळीनंतर पाचोऱ्याहून आम्ही १८ जण विजापूरला निघतोय. दोन गाड्या, ६ जण साठीपुढचे, ४ पोरं दहा वर्षांखालची. मुख्य काम गोलघुमट. वर चढून घुमटाच्या आतल्या गोल सज्ज्यातला, कुजबुज पलीकडे पोचवणारा आणि पुन्हा पुन्हा घुमणारा आवाज ऐकायचाच आहे. पण जो जाऊन येतो तो म्हणतो, "वर नुसता गोंगाट, काही कळलं नाही." मग तो आवाज नीट ऐकू येतो तरी कधी? चढण किती जड आहे, म्हाताऱ्या माणसांना न्यावं का, आणि दीड दिवसात गावातलं आणखी काय होईल? अंदाजपंचे नको, माहीतगारांनीच सांगा.

धुळेकर५२
ताई, आधी रस्ता. आपल्या धुळ्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ थेट विजापुरातून पुढे हुबळीकडे जातो. म्हणजे चाळीसगावजवळ एकदा हा रस्ता धरला की संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करत सरळ विजापूर. पाचोऱ्याहून अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. जेवण-चहा धरून अकरा-बारा तास पकडा, कमी धरू नका.

घोळ होतो तो कन्नड घाटात. पहाटे पाचच्या आत घाट चढून जा. एखादा टेम्पो जरी वळणावर आडवा झाला तरी दोन तास गेले समजा, आणि मग सगळं गणित कोलमडतं. तुळजापूरचं दर्शन जाताना धरू नका, येताना धरा. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथली रांग कुणाच्या हातात नसते.

आणि मुक्काम सोलापुरात करायचा मोह होईल. करू नका. सोलापूर ते विजापूर १०० किलोमीटर आहे. सकाळी तिथून निघालात तर घुमटापाशी पोचायला आठ-साडेआठ होतात, आणि तोवर खेळ संपलेला असतो. का ते तापीकाठ सांगतीलच.

भुसावळजंक्शन
गाडीने नको असेल तर रेल्वेही आहे. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस मनमाड, नगर, दौंड करत सोलापूरला जाते. सोलापूरला उतरून विजापूरकडची दुसरी गाडी किंवा बस. विजापूर स्टेशनवरून गोलघुमट जवळ आहे, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. पण १८ जणांचं एकत्र आरक्षण दिवाळीनंतर मिळणं अवघड, आजच बघा. तिकिटावर स्टेशनचं नाव विजयपुरा दिसेल, २०१४ साली गावाचं नाव बदललंय. विजापूर शोधत बसाल तर सापडणार नाही.

तापीकाठ
सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: गोलघुमट सकाळी सहाला उघडतो. सहाला फाटकाशी उभं राहा. साडेसहाला सज्ज्यात जे ऐकू येतं ते नऊला येत नाही आणि अकराला तर मुळीच नाही. दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, शाळांच्या सहली. एका बसमधून पन्नास-साठ पोरं उतरतात आणि जिना चढतानाच त्यांची घसा तयार करायला सुरुवात होते.

आता चढण. इमारत म्हणजे एक मोठा चौकोनी ठोकळा, बाहेरून प्रत्येक बाजू सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर. चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी बुरूज, सात मजल्यांचे. जिना या बुरुजांतून घुमटाभोवतीच्या गच्चीवर जातो, तिथून दाराने आत सज्ज्यात. सज्जा आतल्या फरशीपासून सुमारे ३३ मीटर उंचावर आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा-अकरा मजली इमारत चढायची. पायऱ्या दगडी, उंच आणि अरुंद. प्रत्येक मजल्यावर कमानीच्या खिडक्या आहेत, वारा चांगला येतो. पायऱ्या मोजत बसू नका, मजले मोजा. दर मजल्याला एक मिनिट थांबायचं असं आधीच ठरवून घ्या, म्हणजे कुणाला "थांबा हो" म्हणायची लाज वाटत नाही. धडधाकट माणसाला दहा मिनिटं, थांबत जाणाऱ्याला पंचवीस.

साठीपुढच्यांना न्यायचं की नाही हे वयावर नाही, गुडघ्यावर ठरवा. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना गुडघ्यावर भार येतो, आणि तो थांबून जात नाही. ज्यांना घरच्या दोन मजल्यांच्या जिन्यावरून कठड्याला न धरता उतरता येत नाही त्यांना खालीच बसवा. खालचा दालनही बघण्यासारखा आहे, उगाच बिचारे वाटून घ्यायची गरज नाही.

बारीकसारीक: आत चपला-बूट काढून ठेवावे लागतात तेव्हा मोजे घाला. सकाळी दगड गार लागतो, दुपारी गच्चीवर चटके. जिन्यासाठी मोबाइलचा टॉर्च प्रत्येकाकडे चालू स्थितीत हवा. साडी नेसणाऱ्यांनी काठ थोडा वर खोचून घ्यावा, उतरताना निरी पायात येते. पाण्याची एक लहान बाटली पुरे, पिशव्या गाडीतच ठेवा. जिन्यात पाठीवरची सॅक समोरच्याला लागते.

सोलापुरी_सून
तापीकाठ, "खालचा दालन" नाही, "खालचं दालन". बाकी सगळं बरोबर 🙂

तिकीट सध्या भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्यांना लागत नाही. ऑनलाइन आदल्या रात्रीच काढा, सकाळी सहाला खिडकीपाशी १४ तिकिटांचे सुटे पैसे मोजत बसलात तर पहिली दहा मिनिटं तिथेच गेली. समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, ते दहाला उघडतं आणि शुक्रवारी बंद. तेव्हा शुक्रवार टाळा.

पाचोरेकरीण
छान. आता आवाजाचं सांगा कुणीतरी. एकच आवाज सात वेळा ऐकू येतो म्हणतात, कुणी दहा म्हणतं. खरं किती?

ध्वनिवेडा_अमळनेर
दोन्ही खरं, कारण ते आवाजावर आणि गर्दीवर अवलंबून आहे. शिवाय तिथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात, लोक त्यांची सरमिसळ करतात आणि मग एकही नीट ऐकत नाहीत.

पहिली, प्रतिध्वनी. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३७.९ मीटर. तुम्ही सज्ज्यात उभं राहून टाळी वाजवली की तो आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो: ७६ मीटरचा प्रवास. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. भागाकार केला की ०.२२ सेकंद. आपल्या कानाला दोन आवाज वेगळे कळायला साधारण एक दशांश सेकंदाचं अंतर लागतं, इथे त्याच्या दुप्पट मिळतं. म्हणून प्रत्येक फेरी सुटी सुटी ऐकू येते. दहा फेऱ्या म्हणजे सव्वादोन सेकंद. आता तुम्हीच बघा, दर सेकंदाला कुणीतरी एक जण ओरडला तरी आधीच्याचे प्रतिध्वनी विझायच्या आत पुढच्याचे सुरू होतात. तीस पोरं असली तर नुसता गोंगाटच होणार. घुमटाचा दोष नाही त्यात.

यातच लोक आणखी एक चूक करतात, पूर्ण वाक्य ओरडतात. "काय रे गण्या, ऐकू येतंय का?" बोलताना सेकंदाला पाच-सहा अक्षरं तोंडातून निघतात. म्हणजे दुसरं अक्षर निघतंय तोवर पहिल्याचा प्रतिध्वनी येऊन त्याच्यावर बसतो. म्हणून एकच टाळी. कोरडी, तळव्याने नाही, बोटं तळव्यावर मारून. मग तोंड बंद आणि मनात तीनपर्यंत मोजायचं. मग दुसऱ्याने वाजवायची.

ध्वनिवेडा_अमळनेर
(मघाचं पुढे) आता दुसरी गोष्ट, कुजबुज. हा प्रकार वेगळा, इथे आवाज मधून नाही, भिंतीच्या कडेकडेने जातो. वळणदार भिंतीला चिकटून लहान लहान उड्या मारत तो अर्धा घेर फिरतो, सुमारे ६० मीटर, आणि पाव सेकंदाच्या आत पलीकडे पोचतो. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पांगतो. भिंतीलगत तो फक्त एका पट्ट्यात पसरतो, म्हणून कुजबुजही टिकते. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी अशा कुजबुजत्या सज्ज्यांचा अभ्यास केला होता, त्यात विजापूरचा हा सज्जाही होता.

करायचं असं. दोघांनी समोरासमोरच्या टोकांना जायचं. बरोबर समोर आहोत की नाही हे घुमटाच्या भिंतीतल्या दारांवरून जुळवा, अंदाजाने उभे राहू नका. बोलणाऱ्याने तोंड मित्राकडे करायचं नाही. भिंतीकडे वळायचं, तोंड भिंतीपासून वीतभर, आणि भिंतीच्या लांबीच्या दिशेने तिरकं बोलायचं. ऐकणाऱ्यानेही कान भिंतीपाशी न्यायचा. बहुतेक लोक कठड्याला टेकून मधल्या पोकळीकडे तोंड करून कुजबुजतात आणि "काही नाही होत" म्हणून निघून जातात.

आणि आवाज चढवायचा नाही. जोरात बोललं की घोगरे, खालचे स्वर वाढतात. ते भिंतीला नीट चिकटत नाहीत, सगळीकडे पसरून प्रतिध्वनींत मिसळतात. कुजबुजीत असतात ते स, श, च असे धारदार आवाज, आणि भिंतीलगत तेच चांगले धावतात. म्हणून "मामा" म्हणू नका, "चाळीसगाव" म्हणा. कागद फाडला, काडेपेटी नुसती हलवली तरी पलीकडे येतं, ते याच कारणाने.

केळीबाग_रावेर
"चाळीसगाव" 😂 भो, यावल-रावेरवाल्यांनी मग काय करायचं?

ध्वनिवेडा_अमळनेर
सावदा म्हणा. स आहे.

धुळेकर५२
एक शंका. हा घुमट "कुठल्याही आधाराशिवाय" उभा आहे असं गाईड सांगतात. आणि "जगातला दुसरा सर्वांत मोठा". दोन्ही पटत नाही.

चुनाविटा
पटू देऊही नका. खांब नाहीत हे खरं, आधार नाही हे खोटं. आधार कसा आहे ते खालच्या दालनात मधोमध उभं राहून वर बघितलं की दिसतं, आणि माझ्या मते सज्ज्याइतकंच ते बघण्यासारखं आहे.

दालन चौरस आहे, आतून प्रत्येक बाजू ४१ मीटरच्या आसपास. त्यावर गोल घुमट बसवायचाय. चौकोनावर गोल कसा बसेल? तर एक चौरस आणि त्यावर तिरका ठेवलेला दुसरा चौरस, असे दोन मनात धरा. त्यांच्या बाजूंवरून आठ टोकदार कमानी उचलल्यात आणि त्या एकमेकींना छेदत जातात. जिथे छेदतात तिथून भिंत आत झुकत येते, कोपरे भरत जातात आणि वर पोचेपर्यंत चौकोनाचं वर्तुळ झालेलं असतं. सज्जा म्हणजे या आत झुकलेल्या भागाचा माथा, तीन मीटरहून जास्त रुंद.

यातली खरी हुशारी ही की कुठलाही घुमट बुडाशी बाहेर फाकायला बघतो. घरच्या कौलारू छपराला आढ्यावर दाब दिला की पाखी बाहेर सरकतात, तसंच. इथे कमानींवरचं वजन आतल्या बाजूला लोंबतंय, ते आत ओढतं. बाहेरचा रेटा आणि आतली ओढ एकमेकांना पकडून ठेवतात. शिवाय घुमटाची जाडी बुडाशी तीन मीटर. भिंती काळ्या बसाल्टच्या, घुमट मात्र विटा आणि चुन्याचा.

मोठेपणाचं म्हणाल तर रोमचा पँथिऑन आतून ४३.३ मीटर, तिथलाच सेंट पीटर सुमारे साडेएक्केचाळीस, फ्लॉरेन्सचा त्याहून मोठा. तिन्ही गोलघुमटाच्या आधीचे. तेव्हा व्यासाने दुसरा नाही. पण एका घुमटाखाली झाकलेली फरशी मोजली तर हे दालन सुमारे १७०० चौरस मीटर भरतं, पँथिऑनचं १५०० च्या आत. ते सांगायला गाईडला काय होतं कोण जाणे.

इतिहास थोडक्यात: मुहम्मद आदिलशहाची कबर, तो १६५६ साली वारला. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात. वास्तुकार दाभोळचा याकूत, म्हणजे आपल्या कोकणातला.

तापीकाठ
सुरक्षेचं एक राहिलं, आणि हे १८ जणांच्या गटाला मुद्दाम सांगतो. ४ डिसेंबर १९८१ ला कुतुबमिनारच्या जिन्यात दिवे गेले, घबराट झाली, चेंगराचेंगरीत ४५ जण गेले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं होती. तेव्हापासून तो मनोरा चढायला बंद आहे. तुमच्या वाटेवरच्या दौलताबादचा चांदमिनारही खालूनच बघावा लागतो. गोलघुमट अजून चढू देतात, तर शिस्तीने चढा.

१८ जण एकदम जिन्यात शिरू नका. सहा-सहाचे तीन गट, प्रत्येक गटात पुढे एक आणि मागे एक जाणता. लहान पोरं भिंतीच्या बाजूने. समोरून उतरणारे आले तर आपण पायरीवर थांबायचं, खिडकीच्या मजल्यावर असलो तर कोपऱ्यात सरकायचं. सज्ज्यात पोरांना कठड्यापाशी उचलून खाली दाखवायचं नाही. कमानीत आग्यामोहोळ दिसलं तर तिथे टाळ्या, अत्तर, धूर काही नको, गुपचूप पुढे निघा.

केळीबाग_रावेर
गच्चीवरून काय काय दिसतं? नुसतं आवाजासाठी ३३ मीटर चढायचं?

सोलापुरी_सून
गोलघुमट शहराच्या पूर्वेला आहे आणि बहुतेक शहर त्याच्या पश्चिमेला. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि सगळं गाव उजेडात. नैऋत्येला जामा मशिदीचा घुमट ओळखू येतो, लांब पश्चिमेला इब्राहिम रोजाचे, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीचे मनोरे. फोटो काढायचे तर गच्चीवरून साडेसात-आठला. दुपारी उन्हाची धूळ सगळं पांढरं करून टाकते.

संध्याकाळसाठी दुसरी जागा आहे, ती बरेच जण सोडतात. उपळी बुरूज, १५८४ चा, हैदरखानाने बांधलेला. उंची सुमारे ८० फूट. पायऱ्या बाहेरून गोल फिरत वर जातात, त्यामुळे अंधार नाही, कोंडी नाही. ज्यांना गोलघुमट झेपला नाही त्यांनाही हा हळूहळू जमतो. फक्त बाहेरच्या बाजूने भिंतीचा आधार नाही, ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी आतल्या अंगाने चढावं. वर दोन लांबलचक तोफा पडल्यात, एक तर तीस फुटांहून लांब. पश्चिमेकडे ऊन उतरताना इथून चांगलं दिसतं.

तिथून मुलूख-ए-मैदान तोफ चालत जाण्यासारखी. नगरला १५४९ साली ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात. उन्हात तापलेली असते, पोरांना वर बसवू नका.

पाचोरेकरीण
मग क्रम असा लावते: पहिल्या दिवशी रात्री विजापुरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सहाला गोलघुमट, नऊपर्यंत खाली. न्याहारी करून दहाला संग्रहालय, मग जामा मशीद. दुपारी आराम. चारला इब्राहिम रोजा, तिथून तोफ, शेवटी उपळी बुरूज. तिसऱ्या दिवशी सकाळी निघून तुळजापूर. बरोबर का?

सोलापुरी_सून
अगदी. बारा कमानही (दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर) त्यात बसते, गावातच आहे, वीस मिनिटं पुरे. जेवणाला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी मिळतात. आपल्या कळण्याच्या भाकरीची सवय असलेल्यांना ती भाकरी पापडासारखी पातळ वाटेल, दोन-दोन जास्त सांगा.

केळीबाग_रावेर
एवढ्या लांब कशाला, आपल्या फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत की.

चुनाविटा
एक पडलाय भाऊ, आणि उरलेल्यावर चढायचा विचारही करू नका. बाहेरून बघा, एरंडोल-कासोद्याकडून जवळ आहे. पण गोलघुमटाची बरोबरी नाही.

धुळेकर५२
पाचोरेकरीण ताई, एक शेवटचं. गच्चीवर पोचलात की ज्या बुरुजातून वर आलात तो नीट लक्षात ठेवा. चारही बुरूज हुबेहूब सारखे दिसतात, घुमटाभोवती एक चक्कर मारली की दिशा जाते, आणि बाकीचे जिने बंद असतात. आत सज्ज्यातही तसंच, गोलात कुठल्या दारातून शिरलो ते कळत नाही. गच्चीवर आलात की तुमच्या जिन्याच्या तोंडाचा आणि त्यामागे जे दिसतंय त्याचा एक फोटो काढून गटात टाका. मागे राहिलेल्यांना फोन करून "आम्ही इथेच आहोत" सांगायचा प्रयत्न करू नका, सज्ज्यात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.